ऐकलं होतं, पण कळलं नव्हतं

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आरती झाली, प्रसाद झाला आणि आता भाषण, म्हणजे तुमच्या सहनशीलतेची परीक्षाच आहे. कार्यकारिणीने मला सांगितलं, "काका, भूपेन हजारिकांची जन्मशताब्दी आहे, तुम्ही त्यांच्यावर बोला." मी काही गाण्यातला जाणकार नाही. रेल्वेच्या हिशेब खात्यात आकडेमोड करण्यात आयुष्य गेलं. तेव्हा आज मी माझी एक चूक सांगणार आहे. त्या निमित्ताने भूपेनदा जेवढे कळले तेवढे सांगतो.

१९८१ साली बदली होऊन मी मालीगावला आलो. ट्रंकेत भीमसेनजींच्या आणि बाबूजींच्या कॅसेटी होत्या. गाणं म्हणजे तेवढंच, अशी माझी समजूत. भूपेनदांचा आवाज इथे सगळीकडे होता. चहाच्या टपरीवर, बिहूच्या मांडवात, शेजाऱ्यांच्या रेडिओवर. पण स्टेशनवरच्या घोषणांकडे जसं आपलं लक्ष नसतं, तसंच माझं त्या गाण्यांकडे नव्हतं. असमिया मला मासळीबाजारापुरती येत होती. भाव विचारायचा, घासाघीस करायची, संपलं.

१९८८ साली गावाहून तार आली, आई गेली. गाव सातारा जिल्ह्यात. हावड्याला गाडी बदलून पोचायला तीन दिवस. शेवटचं दर्शन होणार नव्हतं हे उघडच होतं. त्या रात्री शेजारचे निवृत्त मास्तर आमच्या व्हरांड्यात येऊन बसले. मी त्यांना 'खुरा' म्हणायचो, खुरा म्हणजे काका. त्यांना हिंदी फारसं येत नव्हतं. थोड्या वेळाने ते हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणायला लागले. मला ते आवडलं नाही. ही काय गाण्याची वेळ आहे? मी म्हटलं, "खुरा, आज गाणं नको." ते गप्प झाले, पण उठले नाहीत. पहाटेपर्यंत बसून राहिले.

१९९३ साली 'रुदाली' आला. लताबाईंच्या आवाजातलं 'दिल हूम हूम करे' मी टेप भरून आणलं. चाल कुठेतरी ऐकल्यासारखी वाटायची. रेडिओवर ऐकली असेल म्हणून सोडून दिलं. पुढे २००४ साली खुरा गेले.

५ नोव्हेंबर २०११ रोजी भूपेनदा मुंबईत वारले. पार्थिव गुवाहाटीला आणून जजेस फील्डवर ठेवलं होतं. ८ तारखेला अंत्यसंस्कार ठरले होते, पण लोकांची रीघ संपेना म्हणून ते ९ तारखेला झाले. मीही गेलो, खरं सांगायचं तर कुतूहल म्हणून. रांगेत रिक्षावाले, म्हाताऱ्या बायका, कॉलेजची पोरं, सगळे एकच गाणं म्हणत होते, 'मानुहे मानुहर बाबे'. माणसाचा विचार माणसानेच करायला हवा, असा त्याचा भाव. हे मला शेजारी उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्याने सांगितलं. मग त्याने विचारलं, "अंकल, आप यहाँ नये हैं?" मी म्हटलं, "तीस साल हुए." तो काही बोलला नाही. पण मला मान वर करवेना.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी खुरांच्या नातीकडे मुळाक्षरं गिरवायला बसलो. 'स' चा उच्चार ख आणि ह यांच्या मधला करायचा, 'च' चा स करायचा. पोरगी पोट धरून हसायची. एके दिवशी तिने 'मणिराम देवान' चित्रपटातलं 'बुकु हम हम करे' लावलं. 'दिल हूम हूम' चं ते मूळ गाणं. शब्द, चाल आणि आवाज तिन्ही भूपेनदांचे. गुलजारांनी हिंदीत त्याचं प्रेमगीत केलं. मुळात मात्र ती आईला घातलेली साद आहे. आणि मंडळी, असमियात आईला 'आइ' म्हणतात. आपलाच शब्द.

मी गाणं थांबवायला सांगितलं. खुरा त्या रात्री हेच गुणगुणत होते.

नंतर मी झपाटल्यासारखा ऐकत गेलो. 'गंगा बहती हो क्यूँ' मला ठाऊक होतं. पण असमिया गाण्यात गंगा नाही, लुइत आहे, म्हणजे आपली ब्रह्मपुत्र, जी मी सराईघाटच्या पुलावरून कितीतरी वेळा ओलांडली. दोन्ही काठांवरच्या लोकांचे हाल बघून तू मुकाट कशी वाहतेस, असा नदीला जाब विचारलेला आहे. भूपेनदा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेट करत होते. तिथे पॉल रॉबसन या कृष्णवर्णीय गायकाशी त्यांची ओळख झाली. रॉबसनचं मिसिसिपी नदीवरचं गाणं त्यांनी लुइतच्या काठी आणलं.

'दोला' ऐका. पालखी म्हटली की आपल्याला वारी आठवते. या गाण्यात राजाची पालखी आहे आणि गाणारे आहेत भोई. खांद्यावर भार, पुढे चढ, आणि घरी पोराला सणाला नवा कपडा नाही. भोयांची धाप त्या ठेक्यातच ऐकू येते. आपले अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांच्याप्रमाणे भूपेनदाही इप्टाच्या चळवळीत होते, हे कळल्यावर मला मुळीच नवल वाटलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. १९६० साली आसामात भाषेवरून दंगे झाले. तेव्हा भूपेनदा आणि हेमांग विश्वास कलावंतांचं पथक घेऊन गावोगाव हिंडले आणि गाण्यांतून सलोखा मागत राहिले. २०१९ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं. पण माझ्या लेखी त्यांचा मोठेपणा त्या हिंडण्यात आहे.

उशिरा का होईना, ओळख झाली, याचा मला आनंद आहे. पण खुरांची क्षमा मागायची राहून गेली, ती आता मागता येणार नाही. म्हणून सांगतो, आपण इथे मराठी जपतो ते चांगलंच आहे. पण शेजारी काय गातो आहे, तेही विचारा. आपल्या मुलांना असमिया येते, त्यांनाच विचारा, लाजू नका. आणि कार्यकारिणीला एक विनंती, पुढच्या वर्षी एक संध्याकाळ शेजाऱ्यांच्या गाण्यांसाठी ठेवा. आपण श्रोते म्हणून बसू. बाप्पाचं विसर्जन आपण लुइतमध्येच करतो, तेव्हा एवढं देणं आपण लागतोच.

गणपती बाप्पा मोरया!