नाताळच्या चांदणीची भूमिती

नाताळच्या सुटीत घरी शिकणाऱ्या मुलांसाठी सुचवले जाणारे अनेक उपक्रम सणाचे केवळ बाह्यरूप उचलतात. बेरजेच्या कागदाच्या कोपऱ्यात नाताळचे झाड छापल्याने बेरीज शिकण्याच्या रीतीत काहीच फरक पडत नाही. याउलट सणासाठी करायची वस्तूच अशी निवडता येते, की गणित समजून घेतल्यावाचून ती उभी राहत नाही. जर्मनीतील हेर्नहुटची चांदणी आणि आगमनकाळाचे चक्र या दोन्ही वस्तूंचा उगम मुलांच्या सहवासात झाला असल्याने त्यांचा विचार येथे अगत्याने करावा लागतो.

अठराव्या शतकात मोरेव्हिया सोडून सॅक्सनीत आश्रयाला आलेल्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजाला मोरेव्हियन पंथ म्हणतात. या पंथाच्या नीस्की गावातील निवासी शाळेत १८३० च्या दशकात भूमितीचा पाठ म्हणून ही कागदी चांदणी करण्यात आली, आणि पुढे हेर्नहुट येथे तिचे उत्पादन सुरू झाल्याने तिला त्या गावाचे नाव मिळाले. तिच्या गाभ्याशी एक बहुफलक, म्हणजे सपाट पृष्ठांनी बंदिस्त झालेला घनाकार, कल्पावा लागतो. त्याला १८ चौरस आणि ८ समभुज त्रिकोण अशी २६ पृष्ठे असतात. त्यांपैकी एक चौरस दिवा आत सोडण्यासाठी मोकळा ठेवून उरलेल्या १७ चौरसांवर चौकोनी आणि ८ त्रिकोणांवर त्रिकोणी सूची, म्हणजे टोकाकडे निमुळते होत जाणारे आकार, बसवले की २५ टोकांची चांदणी तयार होते.

घरी ती करताना प्रथम प्रत्येक सूचीची घडण, म्हणजे उलगडलेला सपाट आकार, जाड कागदावर आखावी लागते. चौकोनी सूचीसाठी एकाच टोकातून निघणारे चार समद्विभुज त्रिकोण शेजारी शेजारी काढायचे, त्यांचा पाया ४ सेंटिमीटर आणि तिरकी कड १२ सेंटिमीटर ठेवायची, कडेला चिकटवण्यापुरती पट्टी सोडायची आणि घडी स्वच्छ पडावी म्हणून मोजपट्टीच्या आधाराने बंद कात्रीचे टोक रेषेवरून ओढायचे. त्रिकोणी सूचीचा पायाही तितकाच हवा, कारण चौरस आणि त्रिकोण कडेला कड लावून बसतात. मध्यभागी आठ चौरसांचा वेढा असतो. प्रत्येकाचा पाया २ मिलिमीटरने वाढला, तर वेढा १६ मिलिमीटरने फुगतो आणि नेमक्या मापाने केलेला वरचा भाग त्यावर बसत नाही. ही चूक कागद स्वतःच दाखवतो, म्हणून मोठ्यांनी ती आधीच दुरुस्त करून देणे हे मुलाच्या हातून शिक्षण काढून घेण्यासारखे आहे. वरच्या इयत्तांतील मुलांना याच आकारावर ऑयलरचे सूत्र पडताळता येते: १८ चौरसांच्या ७२ आणि ८ त्रिकोणांच्या २४ मिळून ९६ बाजू होतात, प्रत्येक कड दोन पृष्ठांत सामाईक असल्याने कडा ४८ उरतात, शिरोबिंदू २४ भरतात, आणि पृष्ठे व शिरोबिंदू यांची बेरीज ५०, म्हणजे कडांपेक्षा दोनने अधिक, येते.

लहान मुलांसाठी आगमनकाळाचे चक्र अधिक सोयीचे आहे. नाताळपूर्वीच्या चौथ्या रविवारापासून मोजल्या जाणाऱ्या प्रतीक्षेच्या काळास आगमनकाळ म्हणतात. हँबुर्गमध्ये निराधार मुलांसाठी राउहेस हाउस ही संस्था चालवणाऱ्या योहान हिन्रिश विशर्न यांनी १८३९ मध्ये, नाताळ किती दिवसांवर आला हे मुलांना डोळ्यांनी दिसावे म्हणून, एका लाकडी चाकावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या लावल्या. त्या वर्षी पहिला रविवार १ डिसेंबरला असल्याने लाल मेणबत्त्या २० होत्या. परंतु नाताळ कोणत्या वारी येतो त्यानुसार हा काळ २२ ते २८ दिवसांचा होतो, आणि यंदा किती मेणबत्त्या लागतील हे मुलाने दिनदर्शिकेवरून स्वतः काढणे हाच या उपक्रमाचा गाभा आहे.

वसई आणि गोव्यातील ख्रिस्ती घरांत बांबूच्या कामट्यांची जी चांदणी दारावर लागते, तिची जात आपल्या आकाशकंदिलाचीच आहे, म्हणून तो हात मराठी घरांना अनोळखी नाही. पाच सारख्या कामट्या एकमेकींवरून नेऊन टोके बांधली की प्रत्येक टोकाचा कोन ३६ अंश आणि पाचांची बेरीज १८० अंश व्हावी लागते. असे दोन सांगाडे जोडून मध्ये आधाराचे तुकडे घातले की चांदणीला फुगवटा येतो. कामट्या तासण्याचे काम मोठ्यांनी करावे. मोजणे, बांधणे आणि पतंगी कागद खळीने चिकटवणे मुलांकडे सोपवावे. पालकांनी या सुटीत तयार चांदणीऐवजी कामट्या, दोरा आणि कोनमापक आणून द्यावे, आणि पहिली चांदणी वाकडी झाली तरी तीच दारात लावावी.