श्रद्धा तिची, सत्ता कुणाची?



आपल्या कोराडीत एकीकडे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आणि दुसरीकडे जगदंबेचं देऊळ. १९७४ साली इथे वीजनिर्मिती सुरू झाली. तरी नवरात्रातली बायांची गर्दी ओसरली नाही.

देवाचा पुरावा मागणं मला रास्त वाटतं. पण रांगेतली बाई सिद्धांत मांडायला येत नाही. घरात कुणी ऐकत नाही ते ती इथे बोलते. तिला अडाणी ठरवलं तर आपणच तिच्यापासून तुटतो.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात हिंदू धर्म सोडला, पण पोकळी ठेवली नाही, धम्म दिला. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून लढले ते डॉ. दाभोलकर आणि डॉ. लागू, दोघेही नास्तिक! २०१६ मध्ये तो चौथरा खुला झाला.

म्हणून तिची श्रद्धा तिच्यापाशी राहू द्या. पण भूत उतरवायच्या नावाखाली तिला मारणाऱ्या मांत्रिकाला आणि पाळीत तिला बाहेर बसवणाऱ्या घराला आपण जाब विचारायचा. मांत्रिकासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. घराशी मात्र आपल्यालाच भांडावं लागेल, आणि त्या भांडणात ती भाविक बाई आपल्या बाजूला हवी.