आकडा सगळ्यात शेवटी आला

अकरावी सायन्सला गेलेल्या मुलाला रसायनशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात एक अगडबंब आकडा भेटतो. ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात. रेडिओवर घातांक वाचायला अवघड आणि ऐकायला त्याहून अवघड. म्हणून आपल्या बोलीत सांगायचं तर साधारण सहाशे दोन कोटी कोटी कोटी. एवढे कण जमले की एक मोल झाला, असं पुस्तक सांगतं. मुलगा आकडा पाठ करतो. इतके कण मोजले कोणी, हा प्रश्न त्याच्या मनात येतो आणि तिथेच विरतो, कारण पान उलटलं की उदाहरणं सोडवायची असतात.

प्रत्यक्षात घडलं ते पुस्तकाच्या उलट क्रमाने. मोलचा हिशोब रसायनज्ञ आधी शिकले, वापरू लागले, त्यावर कारखाने चालवू लागले. मोलमध्ये कण किती, याचा पक्का आकडा कित्येक वर्षांनी हाती आला.

सुरुवात १८०८ सालची. जॉन डाल्टन यांनी अणुसिद्धान्त मांडला: प्रत्येक मूलद्रव्याचे अणू एकसारखे आणि ठरावीक वजनाचे. एका अणूचं वजन करणं अशक्य, पण तुलना करता येते. पाण्यात १ ग्रॅम हायड्रोजनला ८ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, एवढं तराजू सांगतो. पण पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचा अणू एक की दोन? एक धरला तर ऑक्सिजनचं अणुवस्तुमान ८ येतं, दोन धरले तर १६. डाल्टन यांनी एक धरला. दुसरा काही पुरावा नसेल तर सर्वांत साधी जोडी मानावी, हा त्यांचा नियम.

पुरावा मात्र जवळच होता. दोन घनफळं हायड्रोजन आणि एक घनफळ ऑक्सिजन यांपासून दोन घनफळं वाफ होते, हे फ्रान्समध्ये गे-ल्यूसॅक यांनी दाखवलं होतं. १८११ साली इटलीतल्या आमेदेओ अवोगाद्रो यांनी त्याचा अर्थ लावला. हे गृहस्थ मूळचे कायद्याचे पदवीधर. त्यांचं म्हणणं असं, की तापमान आणि दाब सारखे असतील तर कोणत्याही वायूच्या समान घनफळात रेणूंची संख्या समान असते. मग एका घनफळातला ऑक्सिजन दोन घनफळं वाफेला पुरायचा, तर त्याच्या प्रत्येक रेणूचे दोन तुकडे व्हायला हवेत. म्हणजे ऑक्सिजनच्या रेणूत अणू दोन. एकाच मूलद्रव्याचे दोन अणू एकमेकांना धरून बसतील, हे तेव्हाच्या बड्या रसायनज्ञांना पटेना. अवोगाद्रो यांचा लेख जवळजवळ पन्नास वर्षं कपाटात पडल्यासारखा राहिला.

त्या पन्नास वर्षांत गोंधळ वाढत गेला. कुणी कार्बनचं वजन ६ धरी, कुणी १२. आउगुस्ट केकुले यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात एकट्या अ‍ॅसेटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आंबटपणाची, एकोणीस वेगवेगळी सूत्रं छापली आहेत. आजच्या विद्यार्थ्याने हे जरूर वाचावं. परीक्षेत सूत्र चुकल्याचं दुःख थोडं हलकं होईल.

शेवटी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्लस्रूह इथे युरोपभरच्या रसायनज्ञांची परिषद भरली. तीन दिवस चर्चा झाली, निर्णय झाला नाही. पण निघताना स्तानिस्लाओ कान्निझारो यांची एक छोटी पुस्तिका लोकांच्या हाती पडली. कान्निझारो सिसिलीचे. १८४८ च्या तिथल्या उठावात सामील झालेले आणि तो फसल्यावर देश सोडावा लागलेले. आपल्या विद्यार्थ्यांना अणुवस्तुमानं कशी शिकवतो, एवढंच त्यांनी लिहिलं होतं.

पद्धत बघण्यासारखी आहे. समान घनफळात समान रेणू हे अवोगाद्रो यांचं म्हणणं खरं धरून, वायूंच्या घनता ताडून आधी रेणूंची वजनं काढायची. मग एकेका रेणूत ऑक्सिजनचा वाटा किती ते बघायचं. पाण्याच्या १८ भागांत तो १६, कार्बन मोनॉक्साइडच्या २८ भागांत १६, कार्बन डायऑक्साइडच्या ४४ भागांत ३२, खुद्द ऑक्सिजन वायूच्या ३२ भागांत सगळाच ३२. सोळाच्या खाली कुठेच नाही आणि येतो तो सोळाच्या पटीत. मग १६ हेच अणुवस्तुमान. वाद संपवायला कुठलंही नवं यंत्र लागलं नाही. हाताशी असलेल्या आकड्यांची नीट मांडणी पुरली. त्या परिषदेला तरुण मेंडेलेयेव्हही हजर होते. १८६९ साली त्यांनी आवर्तसारणी मांडली, ती याच दुरुस्त वजनांच्या आधारावर.

इथून पुढे हिशोब सोपा झाला. रेणुवस्तुमान जितकं, तितके ग्रॅम पदार्थ घेतला की झाला एक मोल: पाणी १८ ग्रॅम, मीठ साडेअठ्ठावन्न, साखर ३४२. बँकेत नाण्यांची थैली न मोजता तोलून घेतात, तसंच हे. प्रत्येक ढिगात कण सारखेच, मग ते किती का असेनात. आजही प्रयोगशाळेत ब्युरेट घेऊन अनुमापन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या आकडेमोडीत सहाशे दोन कोटी कोटी कोटी एकदाही येत नाहीत. 'मोल' हे नाव रूढ करणारे विल्हेल्म ऑस्टवाल्ड तर अणू खरोखर असतात हेच बरीच वर्षं मानत नव्हते! त्यांचं काम अडलं नाही.

अणू मानायला त्यांना भाग पाडणाऱ्या पुराव्यांत पॅरिसच्या झाँ पेराँ यांच्या प्रयोगांचा मोठा वाटा. पेराँ यांनी गॅम्बोज नावाच्या पिवळ्या रंगाचे बारीक गोळे पाण्यात सोडले. हा रंग एका झाडाच्या चिकापासून मिळतो. आपल्या कोकणातलं कोकम त्याच झाडाच्या भाऊबंदांपैकी. हे गोळे तळाशी दाट आणि वर विरळ होत जातात, हवा उंचावर विरळ होते त्याच नियमाने. सूक्ष्मदर्शकाखाली थराथरातले गोळे मोजून पेराँ यांनी मोलमधल्या कणांची संख्या काढली आणि १९०९ साली तिला अवोगाद्रोंचं नाव सुचवलं. अवोगाद्रो जाऊन तोवर अर्धशतक उलटलं होतं. स्वतः त्यांनी हा आकडा कधी काढलाच नव्हता.

१९७१ साली मोल हे अधिकृत आंतरराष्ट्रीय मूलभूत एकक झालं. व्याख्या तेव्हाही वजनाचीच: कार्बन-१२ च्या १२ ग्रॅममध्ये जितके अणू, तितके कण. मग अतिशुद्ध सिलिकॉनचे सुमारे एक किलोचे, जवळजवळ निर्दोष गोल घडवून त्यांतले अणू क्ष-किरणांच्या मदतीने मोजण्यात आले. २० मे २०१९ पासून व्याख्या उलटली: मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण. आता एक मोल कार्बन-१२ चं वजन १२ ग्रॅम आहे का, हे मोजून ठरवावं लागतं. फरक निघालाच तर तो इतका सूक्ष्म, की कॉलेजच्या तराजूला त्याची दाद नाही.