आकाशात काय दिसले?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. ही विमानांविषयी काय बोलणार, असे काहीजणींच्या मनात आले असेल. पण विमान चालविणे निराळे आणि आकाशात काहीतरी पाहून घाबरणे निराळे. घाबरण्याचा अधिकार आपल्या सर्वांनाच आहे.

दुसऱ्या महायुद्धात, ऑक्टोबर १९४२ मध्ये, अमेरिकेचे पहिले जेट विमान उडाले. तोवर विमान म्हणजे पुढे फिरता पंखा, हेच लोकांना ठाऊक. याला पंखाच नव्हता. गुपित फुटू नये म्हणून जमिनीवर असताना त्याच्या नाकाला खोटा पंखा लावीत. जॅक वूलम्स नावाचा वैमानिक तर वानराचा मुखवटा घालून ते उडवी, अशी गोष्ट सांगतात. "बिनपंख्याचे विमान पाहिले, आत वानर होते," असे कोणी सांगितले तर त्यावर कोण विश्वास ठेवणार? खरे पाहणाराच वेडा ठरायचा!

आपल्या मुंबईत याच्या उलट झाले. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या बोटीला आग लागली. बोटीत कापसाच्या गाठी आणि सुमारे १४०० टन स्फोटके होती. कापसात शिरलेली आग कशी धुमसते, हे आपल्या वऱ्हाडात सांगायला नको. चार वाजल्यानंतर दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे गेली. आकाशात शत्रूचे एकही विमान नव्हते. तरी जपानने बाँब टाकले असेच पुष्कळांना वाटले. कित्येकांनी बिऱ्हाड गुंडाळून शहर सोडले. सरकारने खरी बातमी बरेच दिवस दाबून ठेवली. मग भीतीने आपलीच बातमी रचली.

२ एप्रिल २०२२ चा गुढीपाडवा आठवा. त्या संध्याकाळी आपल्या जिल्ह्यातूनही आकाशात जळते पट्टे दिसले. कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान पडले म्हणाले. चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावात धातूचे भलेमोठे कडे पडले. तो चिनी अग्निबाणाचा तुकडा असावा, असे जाणकारांनी सांगितले.

हे हसण्यावारी गेले. पण मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी लढाई जुंपली, तेव्हाची गोष्ट निराळी. आमच्या शेजारच्या सुनेचा नवरा सीमेवर होता. तिच्या मोबाईलवर कोणीतरी पेटलेल्या आकाशाचे चित्र धाडले आणि खाली लिहिले, "शत्रूची विमाने आली." पोरीने रात्रभर अन्नाला हात लावला नाही. सकाळी नवऱ्याचा फोन आला, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. ते चित्र कुठले, कधीचे, हे धाडणारीला ठाऊकच नव्हते.

भगिनींनो, डोळ्यांचा दोष नसतो; नाव द्यायची घाई मनाला होते. उजेड दिसला तर "उजेड दिसला" एवढेच सांगावे. आणि आपण डाळ-तांदूळ निवडल्याशिवाय चुलीवर चढवीत नाही, तशी बातमीही निवडल्याशिवाय दुसऱ्याच्या घरी पाठवू नये. त्या घरात कोणी कोणाची वाट पाहत असते.