रिपोर्टमधली दुसरी ओळ



आत्ता माझी ओळख करून देताना सांगितलं गेलं की मी पुण्यात संगणक अभियंता आहे. खरं आहे. आपल्या शाळेतून निघाले, शेगावला इंजिनिअरिंग केलं आणि गेली वीस-बावीस वर्षं प्रोग्राममधल्या चुका शोधण्याचा पगार घेते. आज मात्र माझ्या स्वतःच्या एका चुकीबद्दल बोलणार आहे.

माझी आई तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. चिखलीच्या आमच्या घरी तिच्या हातची भाकरी आणि ठेचा न खाल्लेला आपल्या वर्गात कुणी नसेल. २०१९मध्ये तिच्या पोटात दुखलं, सोनोग्राफी झाली. रिपोर्टचा फोटो भावाने मला व्हॉट्सॲपवर पाठवला. पहिली ओळ होती पित्ताशयातल्या खड्यांची. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, आई घरी आली, सगळे निर्धास्त झालो. दुसरी ओळ होती : स्वादुपिंडाच्या डोक्याशी १.४ सेंटिमीटरची पाण्याची गाठ, सहा महिन्यांनी पुन्हा तपासावी. घरातली शिकलेली मी. ती ओळ मी वाचलीच नाही.

तीन वर्षांनी आईची साखर अचानक वाढली, वजन उतरू लागलं. डॉक्टर म्हणाले, "जुने रिपोर्ट दाखवा." मी फोनमधला तो फोटो उघडला, आणि दुसरी ओळ तेव्हा पहिल्यांदा वाचली.

त्या रात्री मला मनोहर पर्रीकर आठवले. आयआयटी मुंबईचे अभियंते, गोव्याचे मुख्यमंत्री. २०१८च्या फेब्रुवारीत त्यांचं आजारपण सुरू झालं आणि १७ मार्च २०१९ला स्वादुपिंडाच्या कर्करोगाने ते गेले. जेमतेम तेरा महिने. हा अवयव जठराच्या मागे, पार पाठीच्या कण्याला टेकून असतो. तिथलं दुखणं पाठीचं किंवा पित्ताचं वाटतं, आणि खरं कळेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. अमेरिकेसारख्या देशातसुद्धा या कर्करोगाचं निदान झाल्यावर पाच वर्षं जगणारे शंभरात साधारण तेराच.

पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जे समजावलं, ते मला तुम्हाला सांगायचं आहे. स्वादुपिंडातली प्रत्येक पाण्याची गाठ म्हणजे कर्करोग नव्हे. वय वाढतं तशा त्या अनेकांच्या पोटात सापडतात, आणि बहुतेक जन्मभर काही त्रास देत नाहीत. काही स्वादुपिंडाच्या सुजेनंतर उरलेल्या असतात. काहींत पातळ, निरुपद्रवी द्रव असतो. काहींत मात्र बुळबुळीत, चिकट द्रव तयार होतो, आणि यांतल्या काही गाठी बऱ्याच वर्षांत हळूहळू कर्करोगाकडे जातात. यातला एक प्रकार मुख्यतः आपल्या वयाच्या बायकांत, स्वादुपिंडाच्या मधल्या भागात किंवा शेपटाकडे आढळतो. तो कर्करोग होण्याआधी काढला, तर बाई पूर्ण बरी होते.

आठवते का आपली नववीची लोणारची सहल? बाई म्हणाल्या होत्या, वरून सगळी तळी सारखी दिसतात, पाणी कसं आहे ते तपासल्यावरच कळतं. २०२०च्या जूनमध्ये तेच सरोवर गुलाबी झालं, तेव्हाही नमुने तपासल्यावर कळलं की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तसं झालंय. गाठीचंही तसंच. आधी एमआरआय. शंका उरली तर तोंडातून दुर्बीण घालून आतून सोनोग्राफी करतात आणि सुईने पाणी काढून तपासतात. गाठ तीन सेंटिमीटरला पोचली की बारकाईने बघायचं. गाठीत घट्ट गोळा वाढत असेल, कावीळ झाली असेल किंवा स्वादुपिंडाची मुख्य नळी दहा मिलिमीटर वा त्याहून रुंद झाली असेल, तर ऑपरेशनचा विचार करायचा. नाहीतर ठरल्या तारखेला पुन्हा तपासणी, बस.

आईची गाठ ३.२ सेंटिमीटर झाली होती आणि नळी ११ मिलिमीटर. मलकापूरहून विदर्भ एक्स्प्रेसने आम्ही मुंबईला निघालो. गाडीत मी रडत होते आणि आई मला म्हणत होती, "काहून घाबरतं वं? पोट माह्यं हाय."

ऑपरेशनला व्हिपल म्हणतात. ॲलन व्हिपल या अमेरिकन सर्जनने १९३५मध्ये ते जगापुढे मांडलं. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्तनळीचा भाग काढून सगळं पुन्हा जोडायचं. फार मोठं काम. एके काळी चारातला एक रुग्ण त्यातच दगावायचा. आज जिथे अशी ऑपरेशनं नेहमी होतात, तिथे हे प्रमाण शंभरात पाचाच्या आत आलं आहे. म्हणून जवळचं रुग्णालय बघू नका, हे ऑपरेशन जिथे वारंवार होतं ते बघा. परळचं टाटा मेमोरियल १९४१पासून आपल्या राज्यात आहे. पैशांची अडचण असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारा.

बायोप्सीचा रिपोर्ट आला. पेशी कर्करोगाच्या अगदी उंबरठ्यावर होत्या, पण तो ओलांडलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "आणखी वर्षभर थांबला असता, तर मी काही सांगू शकलो नसतो." आम्ही शहाणपणाने वाचलो नाही, नशिबाने वाचलो.

आता आई रोज इन्सुलिन घेते, जेवताना पचनाच्या गोळ्या घेते, आणि एका बैठकीला अर्धीच भाकरी खाते. उरलेल्या स्वादुपिंडात पुन्हा गाठ होऊ शकते, म्हणून दरवर्षी तपासणी. ती तारीख माझ्या कॅलेंडरमध्ये आहे, भावाच्या आहे, आणि आईने ती स्वतःच्या हाताने देवघराशेजारच्या कालनिर्णयवरही लिहून ठेवली आहे.

मित्रांनो, आपले आईवडील सत्तरीत आहेत आणि आपण पंचेचाळिशीच्या आसपास. किडनीसाठी, गर्भाशयासाठी, पित्ताशयासाठी आपल्या घरांत सोनोग्राफी होतच असते. ज्यासाठी ती केली, तेवढंच आपण वाचतो. आज घरी गेल्यावर पिशवीतले जुने रिपोर्ट काढा आणि शेवटपर्यंत वाचा. "पुन्हा तपासावे" असं कुठे लिहिलेलं दिसलं, तर घाबरू नका, पण ते पुन्हा पिशवीतही घालू नका. डॉक्टरांना दाखवा.

आई आज आली आहे. दुसऱ्या रांगेत, हिरव्या लुगड्यात. मघाशी ती मला म्हणाली, सगळ्या पोरांना सांग, जेवून जा. ठेचा तिनेच केलाय.