शितावरून भात?

(वस्तीतल्या युवक अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. पुढं कॉलेजची पायरी चढलो नाही, गोदीत शिरलो. आज मला निवडणुकीच्या सर्व्हेवर बोलायला सांगितलंय. टीव्हीवर ते आकडे नाचतात ना, त्यावर. मी आकड्यांचा पंडित नाही. पण माल मोजणं आणि मालाचा नमुना काढणं हे रोज डोळ्यांसमोर चालतं, म्हणून बोलतो.

आधी माझी लाज सांगतो. २०२४ च्या विधानसभेच्या आधीची गोष्ट. गेटबाहेरच्या टपरीवर आम्ही सहाजण चहा पीत होतो. एक पोरगा आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. त्यानं नाव विचारलं, आडनाव विचारलं. मग जात विचारली, चारचौघांत, मोठ्यानं. मी सांगितली. ती मी लपवत नाही. मग म्हणाला, मुख्यमंत्री म्हणून पसंती कोणाला?

मुकादम माझ्या खांद्याला खांदा लावून उभा. उद्या पाळी कोणाला द्यायची आणि कोणाला घरी पाठवायचं, ते त्याच्या हातात. तो कोणाचा माणूस, हे सगळ्या गेटला ठाऊक. मी त्याच्या साहेबाचं नाव घेतलं. पोरानं टॅबवर बोट टेकवलं आणि माझं खोटं आकडा होऊन गेलं.

कवितेत आग ओकणारा मी, एका टॅबपुढं शेपूट घातली. पण बाकीच्या पाचांनीही तेच नाव सांगितलं. टीव्हीवर याला जनतेचा कौल म्हणतात. आमच्यात याला पोट म्हणतात.

सर्व्हेवाले म्हणतात, शितावरून भाताची परीक्षा. म्हण खोटी नाही. हजार माणसं नीट निवडली, तर कोट्यवधींच्या मताचा अंदाज साधारण तीन टक्के इकडंतिकडं बांधता येतो. हे गणित पक्कं आहे, त्याला शिव्या देऊ नका. पण नीट निवडली म्हणजे काय? यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची संधी पाहिजे. भात खाली करपलेला आणि वर कच्चा असेल, तर वरचं शीत काय सांगणार?

गोदीत डाळीची पोती तपासतात. टोकदार पोकळ नळी पोत्यात खुपसायची, मूठभर दाणे काढायचे. तपासणारा आळशी असला की थप्पीच्या वरच्याच पोत्यांत नळी खुपसतो. तळाचं पोतं भिजलंय, त्याला बुरशी आलीय, हे कळतं माल उचलताना, आमच्या पाठीवर. या देशाच्या थप्पीत तळाला कोण आहे, ते तुम्हांला सांगायला नको.

अमेरिकेतही हेच झालं. १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकानं जवळजवळ एक कोटी लोकांना नमुना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांवर परत आल्या. साप्ताहिक म्हणालं, लँडन जिंकणार. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्यांत रूझवेल्ट जिंकले. का? बरेचसे पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून. मंदीचे दिवस. ज्याच्या घरात फोन नाही आणि दारात मोटार नाही, त्याला विचारणार कोण? त्याच वेळी जॉर्ज गॅलपनं कितीतरी कमी माणसं विचारून विजेता बरोबर सांगितला. म्हणजे शितं किती, यापेक्षा शितं कुठली, हा खरा सवाल.

आता आपल्याकडं या. उत्तर प्रदेश, २००७. बहुतेक सर्व्हे सांगत होते, कोणालाच बहुमत नाही. ११ मे ला मतमोजणी झाली. बसपाला ४०३ पैकी २०६ जागा. मायावती स्वतःच्या बहुमतावर मुख्यमंत्री झाल्या. माझ्या समजुतीनं याचं एक कारण माझ्या टपरीसारखंच आहे. गावचा जमीनवाला ओट्यावर बसलेला असताना त्याचा मजूर दारात काय उत्तर देणार?

दुसरं कारण हिशेबाचं. बसपाची मतं होती सुमारे ३० टक्के, आणि जागा निम्म्याहून जास्त. आपल्याकडं ज्याला सर्वात जास्त मतं तो निवडून येतो, म्हणून मताचा टक्का थोडा हलला की जागांचा ढीग इकडचा तिकडं. हरियाणात ऑक्टोबर २०२४ मध्ये एक्झिट पोलनी काँग्रेसला सत्ता देऊन टाकली होती. निकालात भाजप ९० पैकी ४८, काँग्रेस ३७. दोघांच्या मतांतला फरक एक टक्कासुद्धा नाही. ज्या तराजूत तीन टक्क्यांची चूक धरलेली, त्यावर एक टक्का तोलायचा कसा? तरी पडद्यावर जागा छातीठोक सांगतात.

आणि प्रश्न बघा, मुख्यमंत्री कोण हवा? अरे, आपण मत देतो आमदाराला. मुख्यमंत्री होतो तो आमदारांच्या बहुमतावर. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या विभूतिपूजेबद्दल बजावलं होतं. इथं पहिलाच प्रश्न विभूतीचा! टॅबवर चारपाच फोटो, खाली 'इतर'. माझी पाळी, वस्तीचं पाणी, पोरांची स्कॉलरशिप, यांचा फोटो कुठाय? आम्ही 'इतर'.

माझ्या आईला तर कोणी विचारलंच नाही. एकजण दारापर्यंत आला आणि म्हणाला, घरात कोणी पुरुष आहे का?

सगळेच चोर आहेत असं मी म्हणत नाही. दिल्लीच्या सीएसडीएस संस्थेतले 'लोकनीती'वाले मतदार यादीतून नावं काढतात. मताच्या प्रश्नाला त्यांनी माणसाच्या हातात नमुना मतपत्रिका देऊन ती पेटीत टाकायला लावलेली आहे, म्हणजे विचारणाऱ्यालाही उत्तर दिसत नाही. भीतीवर उपाय आहे. त्याला वेळ लागतो, पैसा लागतो. टपरीवर सहा फॉर्म भरणं स्वस्त.

जाताना तो पोरगा माझ्या कानाशी म्हणाला, "दादा, मीपण जयभीमवालाच. दिवसाचे फॉर्म भरले नाहीत तर पैसे मिळत नाहीत." तोही ठेकेदाराचा, मीही ठेकेदाराचा. त्याच्यावर राग धरून काय करू?

म्हणून एवढंच सांगतो. असा कोणी आला तर त्याला हाकलू नका. आपण उत्तर दिलं नाही तर आपण मोजलेच जाणार नाही. त्याला बाजूला घ्या, मुकादमापासून लांब. विचारा, पैसा कोणाचा? माणसं किती विचारली, कुठल्या वस्तीत, बायका किती? आणि टीव्हीवरच्या आकड्यालाही हेच विचारा. आपला माणूस पडणार असं सांगितलं म्हणून मतदानाच्या दिवशी घरी बसू नका.

२० नोव्हेंबर २०२४ ला मी मतदान केंद्रात गेलो. पुठ्ठ्याचा एवढासा आडोसा. पण त्याच्यामागं मुकादम नव्हता, साहेब नव्हता, टॅब नव्हता. मतदान गुप्त ठेवणारा कायदा तिथं माझ्या बाजूनं उभा होता. टपरीवर गेलेला माझा आवाज तिथं परत आला.

बटण कुठलं दाबलं, ते तुम्हांलाही सांगणार नाही.

जयभीम.