दुखणाइताचा हिशेब



या व्यासपीठावरून गेले काही दिवस विद्वान मंडळी बोलून गेली. मी सातवीनंतर शाळा सोडलेला, मागावर उभे राहून वाचावयास शिकलेला माणूस. गेली तीस वर्षे इचलकरंजीकडच्या यंत्रमाग कामगारांत काम करतो आहे. तेव्हा कर्करोगावर हा काय बोलणार, अशी शंका आपणांपैकी काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. रोग कसा होतो, गाठ कशी काढतात, हे डॉक्टरांनीच सांगावे. परंतु आमच्या युनियनच्या कचेरीत रिपोर्टांची पिशवी घेऊन जी माणसे येतात ती औषध विचारावयास येत नाहीत. "आण्णा, शेठला एक चिठ्ठी द्या की. उचल थोडी वाढवून द्या म्हणावं," असे म्हणत येतात. ही चिठ्ठी आणि परदेशांतल्या मासिकांत छापून येणारे संशोधन, यांचा एकमेकांशी काही संबंध आहे काय, याचा शोध मी आठ-दहा वर्षे माझ्या कुवतीप्रमाणे घेतला. त्यातले जे हाती लागले ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम आमच्या मजुरीविषयी सांगितले पाहिजे, नाही तर पुढचे ध्यानात येणार नाही. आमच्याकडे मजुरी पिकावर मिळते. बाण्याचा एक धागा ताण्यातून आडवा गेला की एक पीक झाले. किती पिके पडली यावर आठवड्याचा पगार. माग थांबला की पीक थांबले, आणि पीक थांबले की चूल थांबली. अशा माणसाला डॉक्टर सांगतात, दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध घ्यावयाचे, असे सहा वेळा. औषधाचा खर्च महात्मा फुले योजनेतून पुष्कळदा भागतो, हे मी मान्य करतो. परंतु त्याचा आणि त्याच्याबरोबर जाणाऱ्या बायकोचा बुडालेला आठवडा कोणत्या योजनेतून भागावयाचा?

आता परळकडे येऊ. आमच्या भागातला दुखणाईत महालक्ष्मी एक्सप्रेसने रातोरात निघतो आणि सकाळी परळला पोहोचतो. तेथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. भोवती तेव्हा सगळ्या कापडगिरण्या होत्या. १९५७ साली केंद्राच्या आरोग्य खात्याने ते ताब्यात घेतले, आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. गिरण्या गेल्या, भोंगे बंद झाले, त्या जमिनीवर काचेचे मनोरे उभे राहिले. रुग्णालय मात्र जागच्या जागी आहे, आणि बाहेरच्या फुटपाथवर देशभरातून आलेली माणसे अजूनही पथारी टाकतात. तेथे आरंभी रोगनिदानाचे काम पाहणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे मला मोठे अप्रूप वाटते. १९४५ साली त्यांनी एका सहकाऱ्यासमवेत लिहिलेल्या निबंधात, धोतर कमरेला जेथे वर्षानुवर्षे काचते तेथे होणाऱ्या कर्करोगाची नोंद आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणाऱ्या माणसाने रोग्याचे धोतर कोठे आवळले जाते हेही पाहिले. संशोधकाची ही नजर मला महत्त्वाची वाटते, कारण पुढे मी जी उदाहरणे देणार आहे त्यांत तीच नजर आहे.

नव्या उपचारांत सध्या ज्याचा गाजावाजा आहे तो असा. आपल्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. त्या भलत्यावर तुटून पडू नयेत म्हणून निसर्गाने त्यांना एक लगाम दिलेला आहे. मागाचे उदाहरण घ्या. बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबावा अशी योजना त्यात असते. धागा शाबूत असताना कोणी तोच खटका दाबून धरला तर चांगला माग बंद पडेल. कर्करोगाची गाठ नेमके हेच करते. तो खटका सोडवणारी औषधे निघाली, आणि ज्यांच्या शोधांवर ती उभी आहेत त्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो या दोघांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. निवोलुमॅब हे त्यांतले एक औषध. दर तीन आठवड्यांनी घ्यावयाचे तर त्याची पूर्ण मात्रा ३६० मिलिग्रॅमची. किंमत अशी, की आपल्याकडच्या शंभरांतल्या दोन-चार घरांनाही ती झेपावयाची नाही.

परळच्या डॉक्टरांनी विचारले, याचा अठरावा हिस्सा दिला तर? तोंडाचा आणि घशाचा कर्करोग शस्त्रक्रियेपलीकडे गेलेले १५१ रोगी त्यांनी घेतले. तंबाखू आपल्या माणसांना जो रोग देते तो हाच. सर्वांना स्वस्तातल्या गोळ्या चालू ठेवल्या, आणि निम्म्यांना त्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम दिले. वर्षाअखेर नुसत्या गोळ्यांवरच्या शंभरांपैकी सोळा हयात होते. ज्यांना ही चिमूटभर मात्रा मिळाली त्यांच्यापैकी त्रेचाळीस. हे २०२२ साली प्रसिद्ध झाले. सभेत कोणी डॉक्टर बसले असतील तर ते म्हणतील, या चाचणीत पूर्ण मात्रेशी तुलना नव्हती. खरे आहे, नव्हती. परंतु पूर्ण मात्रा ज्याच्या नशिबातच नाही त्याच्यापुढे निवड असते ती थोडे औषध की काहीच नाही, एवढीच. त्या निवडीचे उत्तर या चाचणीने दिले.

हा प्रश्न औषध विकणाऱ्या कंपनीने का विचारला नाही, म्हणून मी तिच्या नावाने बोटे मोडणार नाही. आपल्या मालाचा खप अठरावा हिस्सा व्हावा म्हणून कोणता कारखानदार पदरचा पैसा खर्च करील? तो खर्च ज्या रुग्णालयांत कामगाराच्या कराचा पैसा आहे त्यांनीच करावयाचा असतो. दुसरे उदाहरण याहून साधे आहे. दात काढताना हिरडी बधिर करण्यासाठी जे लिडोकेन टोचतात ते आपणांस ठाऊक आहे. कवडीमोलाचे औषध. स्तनाची गाठ काढण्यापूर्वी दहा-एक मिनिटे ते गाठीभोवती टोचले तर काय होते, हे भारतातल्या अकरा रुग्णालयांत सोळाशे स्त्रियांवर पाहण्यात आले. पाच वर्षांनंतर न टोचलेल्यांत ८६.४ टक्के हयात होत्या, टोचलेल्यांत ९०.१ टक्के. शंभरांत तीन-चार जीव. २०२३ साली हे छापून आले. आणखी कोणी स्वतंत्रपणे करून पाहीपर्यंत जग थांबेल, आणि थांबावेही. परंतु या औषधावर कोणाचीच मक्तेदारी उरलेली नाही, म्हणून ते करून पाहावयास फार जण पुढे येतील असे मला दिसत नाही.

उलट बाजूही सांगतो. मुंबईची आयआयटी आणि टाटा यांनी मिळून रक्ताच्या कर्करोगावर एक उपचार घडवला. रोग्याच्याच लढाऊ पेशी काढून, त्यांना रोग ओळखावयास शिकवून परत शरीरात सोडावयाच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला परवानगी मिळाली. अमेरिकेत असा उपचार तीन-चार कोटींना पडतो. हा आला तेव्हा चाळीस लाखांच्या घरात होता. काम अभिमानाचेच आहे. परंतु आमच्या मागवाल्याला चार कोटी आणि चाळीस लाख ही एकाच डोंगराची दोन टोके दिसतात, आणि तो पायथ्याशी उभा असतो.

आता ज्यासाठी मी मुख्यतः उभा राहिलो तिकडे वळतो. नवे औषध निघाले, स्वस्तही झाले. परंतु ते रोग्याच्या पोटात राहिले पाहिजे. आमच्याकडे कांडी भरणाऱ्या बायका असतात. त्यांतली एक मला म्हणाली, "रोगाचं काय वाटत नाही आण्णा, ओकारीचं भ्या वाटतं." दोन डोस झाले की बाई तिसऱ्याला जात नाही, घरचे म्हणतात, देवाची मर्जी. मर्जी कसली? ओकारी! ती थांबवावयास ओलॅन्झापिन नावाची गोळी देतात. मुळात ती मनाच्या आजारांवरची. मात्रा दहा मिलिग्रॅमची. ओकारी थांबते, पण माणूस दिवसभर झोपेत. घरी पोर सांभाळावयाचे, स्वयंपाक करावयाचा, ती बाई गोळीच टाकून देते. परळच्या डॉक्टरांनी २७५ रोग्यांत अडीच मिलिग्रॅम आणि दहा मिलिग्रॅम यांची तुलना केली. ओकारी पूर्णपणे आवरली ती अडीचवाल्यांत ४५ टक्क्यांची, दहावाल्यांत ४४ टक्क्यांची. पहिल्या दिवशीची गाढ गुंगी मात्र दहावाल्यांत ४० टक्क्यांना, आणि अडीचवाल्यांत ५ टक्क्यांना. २०२४ सालचे हे काम. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर ते आले नाही. माझ्या लेखी ते पहिल्या पानाचे होते.

ओकारीसारखेच घरभाड्याचे. त्याच रुग्णालयात बालरोग्यांच्या बाबतीत २००९ च्या सुमारास असे दिसत होते, की पाचांपैकी जवळजवळ एका मुलाचे आईबाप उपचार नाकारतात किंवा अर्ध्यावर सोडून गावी निघून जातात. मुलांचा रक्ताचा कर्करोग पुष्कळदा बरा होणारा, आणि आईबाप निघून जातात! का? मुंबईत महिनोन् महिने राहावयाचे कोठे, खावयाचे काय, गावी दुसरी पोरे कोणाच्या जिवावर? मग रुग्णालयाने राहण्याची सोय, जेवण, पैसे आणि धीर देणारी माणसे यांची सांगड घातली, कोण आले नाही याचा माग काढावयास सुरुवात केली, आणि काही वर्षांत सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आले. औषधे पुष्कळशी जुनीच होती. इतकी मुले हाती टिकवणारे नवे औषध निघाले असते तर आपण त्याला काय म्हटले असते?

आणि वेदना. लंडनला सिसिली सॉन्डर्स नावाची बाई होती. आधी परिचारिका, मग रुग्णालयातली समाजसेविका, आणि शेवटी डॉक्टर झाली. १९६७ साली तिने सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषालय काढले. दुखू लागल्यावर मॉर्फिन देण्यापेक्षा घड्याळ लावून, दुखण्याच्या आधीच द्यावे, हे तिने नोंदी ठेवून दाखवले. पैशाची काळजी, घरच्यांची काळजी, मनातली भीती हीसुद्धा त्या वेदनेतच धरावी असे तिचे म्हणणे. आपल्या देशात अफू पिकते, आणि १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा आला तेव्हापासून रोग्यापर्यंत जाणारे मॉर्फिन आटले. पुढच्या बारा वर्षांत त्याचा वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. चोर पकडावयाच्या कायद्यात दुखणाईत सापडला. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला. त्यामागे ज्यांनी वर्षानुवर्षे खेटे घातले त्यांत केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल हे प्रमुख. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली कालिकतला वेदनाशमनाची संस्था काढली. पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत गल्लीतली माणसेच शिकून तयार झाली, नर्सबाईंबरोबर घरोघर जाऊ लागली, जखम धुऊ लागली, घरात तांदूळ आहे का तेही पाहू लागली. युनियनचे काम याहून वेगळे काय असते?

ही शुश्रूषा म्हणजे हरलेल्या लढाईनंतरची मलमपट्टी, असे समजणारे अजून पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी बोस्टनची एक चाचणी सांगतो. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेले १५१ रोगी. सर्वांना नेहमीचे उपचार. निम्म्यांना पहिल्यापासूनच या शुश्रूषेची जोड. २०१० साली निष्कर्ष आला. जोड मिळालेल्यांची उमेद अधिक, मरणाच्या दारातले निरर्थक उपचार कमी, आणि आयुष्य ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने. पावणेतीन महिने. एखाद्या नव्या औषधाने एवढे दिले असते तर त्याच्या किमतीपुढे किती शून्ये असती याचा अंदाज आपण करावा.

आता पुन्हा चिठ्ठीकडे. कर्मचारी राज्य विमा योजनेत कर्करोगासारख्या दीर्घ दुखण्याला सवलत आहे: सलग दोन वर्षे विमा भरलेल्या कामगाराला दोन वर्षांपर्यंत मजुरीच्या ८० टक्के भत्ता. चांगली तरतूद आहे. परंतु ती दहा किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्याला. आमच्याकडे एका छपराखाली चोवीस माणसे राबतात, आणि कागदावर तीन नावांचे तीन कारखाने, प्रत्येकी आठ माणसांचे. निवोलुमॅबची मात्रा अठरावा हिस्सा करून माणूस जगवता येतो हे डॉक्टरांनी दाखवले; कारखान्याचे तीन हिस्से करून त्याच माणसाचा भत्ता कसा बुडवता येतो हे आमच्याकडे दाखवले जाते.

त्यावरची लढाई चालू आहे. तोपर्यंत मालकांपुढे आम्ही तीन मागण्या ठेवल्या आहेत. उपचार चालू असेपर्यंत उचलीची वजावट करू नये. बरा होऊन आलेल्याला त्याचे माग परत द्यावेत. आणि डोसच्या दिवशी बरोबर जाणाऱ्या माणसाची पाळी बदलून द्यावी. काही मालकांनी पहिली आणि तिसरी तोंडी कबूल केली आहे. दुसरीवर घोडे अडले आहे, कारण त्या मागांवर तोपर्यंत दुसरा कोणी उभा असतो, आणि त्यालाही पोट आहे. यावर तोड मला अजून सापडलेली नाही. आपणांपैकी कोणाला सुचली तर सभेनंतर जरूर भेटावे. रेल्वेच्या आणि एसटीच्या सवलतीसाठी रुग्णालयातून कोणते कागद घ्यावयाचे, विम्याच्या भत्त्यासाठी अर्ज कोठे करावयाचा, याची एक पानाची माहिती मी छापून आणली आहे. ती दाराशी मेजावर ठेवली आहे. ज्यांच्या घरी किंवा शेजारी कोणी दुखणाईत असेल त्यांनी दोन प्रती न्याव्यात, एक त्यांच्यासाठी आणि एक त्यांच्या मालकासाठी.